आग्या मोहोळ: जाळण्याची घाई नको

एका दादांनी सोसायटीच्या टाकीखालचं आग्या मोहोळ जाळून टाकायचा सल्ला दिलाय. थांबा ना बाप्पा! आग्यामाश्या तिथं कायमच्या नसतात, फुलोरा सरला की पोळं सोडून दूर निघून जातात. तोवर खालची ये-जा थांबवा. दगड, धूर, फटाके काहीच नको. एक माशी डसली की डंखातून सुटणाऱ्या वासानं बाकीच्या चवताळतात. अगदीच अडचण असेल तर जाणकार मधपाळाला बोलवा.

'मध बाजारात मिळतो, मग माश्या कशाला?' या प्रश्नाचं उत्तर मधात नाहीच. टरबूज, काकडी, भोपळा यांची नर-मादी फुलं वेगळी. पराग इकडून तिकडे नेणारं कोणी नसेल तर वेल नुसताच पसरतो. कांद्याचं बियाणं धरायलाही माश्या लागतात. कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते आणि बाहेरची ही सगळी धावपळ शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतली.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या संत्रावाल्यांना एकच सांगणं: आंबिया बहार (हिवाळ्याच्या अखेरीस येणारा संत्र्याचा फुलोरा) ऐन फुलात असताना फवारणी टाळा. टाळता येत नसेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करा.