मदत हवी आहे: शंभर वर्षं चालेल असं यंत्र बनवतोय, फर्मवेअरपाशी (चिपमधल्या प्रोग्रॅमपाशी) अडलोय

नमस्कार मंडळी,

तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बनवतोय. पतवंडांच्या काळातही ते चालू असावं, एवढीच अट. हसू नका, खरंच विचारतोय.

जे आधी मरतं ते आधी काढायचं, असं ठरवलं. पहिला नंबर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचा. आतलं द्रावण हळूहळू उडून जातं. डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) १०५ अंशांना २००० तासांचं आयुष्य दिलं असेल, तर दर १० अंश उतरले की आयुष्य दुप्पट, या ठोकताळ्याने ४५ अंशांना जेमतेम साडेचौदा वर्षं होतात. त्यामुळे सगळीकडे सिरॅमिक आणि फिल्म कपॅसिटर घेतले. सोल्डर शिसं असलेलं, कारण निव्वळ कथलाच्या मुलाम्यावर केसासारखे तंतू उगवतात आणि शेजारच्या पिनला शॉर्ट करतात. (शिसं विषारी आहे, मान्य. त्यावरून इथे वाद नको.)

आता खरी अडचण. यंत्रातल्या एटीमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटप्रमाणे फ्लॅशमधला (प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीतला) डेटा ८५ अंशांना २० वर्षं आणि २५ अंशांना १०० वर्षं टिकतो. चिपनेच अधूनमधून स्वतःचा प्रोग्रॅम वाचून पुन्हा लिहावा, असं डोक्यात आहे. पण लिहिता लिहिता वीज गेली तर? आणि बूटलोडरचं (चिप सुरू होताच आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) काय, तो कोण ताजा करणार? कुणी असं केलंय का?

प्रतिसाद १:
स्वतःवर लिहिणारा प्रोग्रॅम ठेवू नका, त्यात जोखीम जास्त. चिप सॉकेटमध्ये बसवा, प्रोग्रॅम भरलेल्या दोन-चार जादा चिपा सोबत ठेवा आणि सर्किट व सोर्स कोड कागदावर छापून डब्यातच घाला. जादा चिपांचा डेटाही झिजतोच, म्हणून कागद महत्त्वाचा. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर १ या अवकाशयानाची एक मेमरी चिप २०२३ मध्ये गेली. २०२४ मध्ये तिच्यातला कोड तुकडे करून मेमरीत इतरत्र हलवला, तेव्हा यान पुन्हा नीट बोलू लागलं. जुनी कागदपत्रं नसती तर हे अवघडच होतं.

प्रतिसाद २:
वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजून ३२ बिटांत तर ठेवली नाहीये ना? अधिक-उणे चिन्हासकट असेल तर आकडा मावेनासा होऊन १९ जानेवारी २०३८ लाच गाडी अडेल.

धागालेखक:
वेळ ६४ बिटांत करतो, धन्यवाद. कागदाचंही पटलं. पण सॉकेटचे संपर्क गंजतात, त्याचं काय? सोन्याचा मुलामा दिलेले पुरतील, की चिप थेट सोल्डर करून प्रोग्रॅमिंगच्या पिना बाहेर काढू?