रेस्ट डेला दिव्यांग संस्थांना भेट, कसं वागावं?

प्रश्न: निधीसाठी सायकल राईड चालूय, उद्या रेस्ट डे, दोन संस्थांत जायचंय, एक अंध मुलांची, दुसरीत बरेच जण व्हीलचेअरवर. पाय भरून आलेत पण जाणारच. काय लक्षात ठेवू?

उत्तर १: फोटो विचारूनच काढा प्लीज. व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका, आणि बोलताना सोबतच्या माणसाशी नाही, त्यांच्याशीच बोला.

उत्तर २: सायकली आत न्या! आमच्या वेळी एका मुलीने हँडलपासून चेनपर्यंत सगळं चाचपलं, मग पेडल उलटं फिरवून फ्रीव्हीलची टकटक ऐकत बसली, सोडेचना. टँडम, म्हणजे दोघांनी चालवायची सायकल, मिळाली तर सोन्याहून पिवळं, पुढचा हँडल सांभाळतो, पेडल दोघंही मारतात, अंध खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये असंच मागे बसून रेस करतात. हातांनी चालवायची हँडसायकलपण २००४ पासून तिथे आहे, नक्की सांगा.

प्रश्नकर्ता: टँडमचं आत्ताच बघतो, मनापासून थँक्स.