ऐतिहासिक पोशाखाची पुनर्निर्मिती: आधी कापड की आधी बेत? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

ताणाबाणा:

जुन्या काळातील पोशाख अभ्यासून पुन्हा शिवणाऱ्यांमध्ये एक क्रम रूढ झाला आहे. आधी एखादे चित्र किंवा संग्रहालयातला नमुना निवडायचा, मग त्याचा बेत (कापड कापण्याचा आराखडा) काढायचा आणि अगदी शेवटी, बाजारात जे मिळेल त्यातले त्यातल्या त्यात जवळचे कापड घ्यायचे. हा क्रम उलटा आहे, असे माझे ठाम मत आहे. योग्य कापड हाती येईपर्यंत कात्री उचलू नये, आणि ते मिळणारच नसेल तर तो पोशाख बाजूला ठेवून दुसरा निवडावा.

याचे कारण असे की जुना बेत हा शिंप्याच्या डोक्यातून जेवढा येतो तेवढाच मागावरूनही येतो. अठराव्या शतकातील युरोपीय रेशमाचा पन्हा (कापडाची रुंदी) साधारणपणे ५० ते ५५ सेंमी असे. त्या काळच्या झग्याच्या घेरात हे पन्हे किनारीला किनार (मागावरच तयार झालेली कड) लावून सरळ जोडलेले दिसतात. किनार उसवत नाही, म्हणून आतल्या शिवणी दुमडून पक्क्या करण्याची गरज पडत नसे आणि साध्या धावदोऱ्यावर काम भागत असे. आज आपण १४० सेंमी पन्ह्याचे कापड घेतो, त्यातून तोच आकार कापतो आणि मग प्रत्येक कापलेली कड सुटू नये म्हणून अशा युक्त्या करतो, ज्या मूळ झग्यात कोठेच नसतात. बाहेरून झगा तसाच दिसतो, पण त्यामागची विचाराची रीत पार बदललेली असते.

लोकरीचेही तसेच आहे. चांगली जुनी बनात (दाट लोकरी कापड) मागावर हवी त्यापेक्षा बरीच रुंद विणून, नंतर पाण्यात कुटून आटवली जाई. त्यामुळे तिचे तंतू एकमेकांत इतके गुंतत की कापलेली कड तशीच ठेवली तरी सुटत नसे. म्हणूनच त्या काळच्या अनेक कोटांच्या कडा दुमडलेल्या नाहीत. सुटाच्या आजच्या पातळ लोकरीवर हा प्रयोग करून पाहिल्यास पहिल्याच आठवड्यात झालर तयार होते, आणि मग मूळ शिंप्यानेच काम अर्धवट सोडले असावे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मी स्वतः ही चूक केली आहे. माझ्या पहिल्या झग्यासाठी मी जाड गाठींचे दुपियन रेशीम घेतले, कारण गाठी म्हणजे हातकाम आणि हातकाम म्हणजे जुनेपण, असे मला वाटत होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे: त्या काळच्या उत्तम रेशमाचे मोल त्याच्या एकसारखेपणात होते आणि अशा गाठी हा दोष समजला जाई. लिननबद्दलही हेच सांगता येईल. लांब तंतू विंचरून कातलेले जुने उत्तम लिनन दाट, गुळगुळीत आणि थोडे चकाकणारे असे. आज ज्याला आपण कौतुकाने ‘खडबडीत नैसर्गिक पोत’ म्हणतो, तो त्याच्या अंगी नव्हता.

त्यामुळे विक्रेत्याने लावलेल्या चिठ्ठीवर विसंबू नये. भिंगाखाली एका सेंटिमीटरमध्ये उभे आणि आडवे किती धागे आहेत ते मोजावे आणि सुताचा पीळ कोणत्या दिशेचा आहे ते पाहावे. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत दूर केल्यावर ती बहुधा आपोआप विझतात. लिनन आणि कापूस कागदासारखे जळून मऊ राख उरते. पॉलिएस्टर मात्र वितळून कडक मणी होतो. शुद्ध लिनन म्हणून मागवलेल्या एका ताग्याचा माझ्या चिमट्यात असाच मणी झाला होता.

जुनी वीण:

आपल्या निरीक्षणांविषयी आदर आहे, तरीही निष्कर्ष मला मान्य नाही. ‘योग्य कापड’ म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक असल्याचे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात आपल्या हाती उरले आहे ते जमिनीने आणि पाण्याने उरू दिले तेवढेच. दलदलीच्या आम्लयुक्त पाण्यात लोकर आणि कातडे टिकते, पण लिनन विरघळून जाते. १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढले, तेव्हा लोकर, रेशीम आणि चामड्याच्या वस्तू मिळाल्या; अंगालगतचे लिनन मात्र जवळजवळ नाहीसे झाले होते. ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेस येथे १९२१ मध्ये उत्खनन झाले आणि मध्ययुगीन लोकरी झगे बाहेर आले. ते टिकले, कारण तिथली थंडगार जमीन त्यांना जपून होती. तेवढ्यावरून आपण संपूर्ण युरोपाच्या मध्ययुगाचे कापड ठरवू लागलो, तर ती अचूकता नव्हे, तो योगायोगाचा आग्रह ठरेल.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या अठराव्या शतकाचा दाखला आपण दिला, त्या शतकातील माणसे स्वतः आपल्याइतकी सोवळी नव्हती. रेशीम महाग आणि मजुरी स्वस्त असल्यामुळे झगे लांब टाक्यांनी शिवले जात, जेणेकरून पुढे ते उसवून त्याच कापडाचा नवा झगा करता यावा. आजीच्या झग्यातून नातीचा झगा बेतला जाई, कापड कमी पडले तर काखेत आणि अस्तराखाली तुकड्याला तुकडा जोडला जाई. जे हाती आहे त्यातून काम निभावणे हीच त्या काळातील शिवणकामाची खरी रीत होती. मग साध्या सुती कापडावर पहिला बेत उतरवून काही शिकू पाहणाऱ्याला ‘कात्री उचलू नका’ असे सांगणे त्या रीतीला धरून आहे काय? तो माणूस चौबगला (काखेतला चौकोनी तुकडा) कसा बसवायचा, बाही कशी फिरवायची हे शिकतो, आणि ते ज्ञान कापडाच्या पोतावर अवलंबून नसते.

मंजिष्ठा:

या वादात रंगाचा विषय दोघांकडूनही राहून गेला. ‘अस्सल म्हणजे वनस्पतिजन्य’ हे समीकरण इतके पक्के बसले आहे की, १८६० च्या दशकातील झगा शिवणारी माणसेसुद्धा मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळे) आणि नीळ यांच्या शोधात निघतात. रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंग शोधला आणि पुढच्या काही वर्षांत डोळ्यांत भरणारे भडक रंग युरोपात सर्वत्र पसरले. त्या दशकातील फॅशनच्या झग्याला सौम्य वनस्पतिजन्य रंग देणेच कित्येकदा काळाशी विसंगत ठरेल. हाच न्याय तंतूंना लावावा लागेल. व्हिस्कोस या कृत्रिम रेशमाचे एकस्व (पेटंट) १८९२ चे आहे, म्हणून १९२० च्या दशकातील कृत्रिम रेशमाचा पोशाख पूर्णपणे प्रामाणिक आहे. पण तेच कापड सोळाव्या शतकातील पोशाखासाठी वापरले, तर ते चूक आहे. शुद्धता ही तारखेची बाब आहे, नैसर्गिकपणाची नव्हे.

निळीच्या बाबतीत तर रसायनशास्त्र आणखी स्पष्ट बोलते. युरोपातील वोड आणि उष्ण प्रदेशातील नीळ या दोन्ही वनस्पतींपासून मिळणारे मुख्य रंगद्रव्य एकच आहे, आणि १८९७ पासून कारखान्यात तयार होऊ लागलेली नीळही त्याच रेणूची आहे. मंजिष्ठाकुळातील लाल रंगाचे तसे नाही. त्या मुळांत अॅलिझरिनबरोबर इतरही रंगद्रव्ये असतात आणि १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले ते एकटे अॅलिझरिन. म्हणून मी माझ्या कामात निळ्यासाठी कारखान्याची नीळ निःसंकोच वापरते, पण लाल रंगासाठी तुरटीत भिजवलेली लोकर आणि मुळेच वापरते.

सुईदोरा:

ताणाबाणा यांच्या मूळ विधानाला माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. काही अस्सल साहित्य मिळाले तरी ते वापरू नये. अठराव्या शतकातील कमरबंद चोळ्यांना ताठपणा देणाऱ्या पट्ट्या देवमाशाच्या जबड्यातील गाळणीसारख्या पात्यांच्या असत. व्यापारी देवमासेमारीवर १९८६ पासून आंतरराष्ट्रीय स्थगिती आहे, आणि ती नसती तरी एका चोळीसाठी मी ती पाती मागितली नसती. हॅटचा नमदा तयार करताना पाऱ्याचे क्षार वापरले जात आणि त्यात कारागिरांचे आयुष्य खर्ची पडे. एकोणिसाव्या शतकातील काही हिरव्या कापडांत आर्सेनिक असे. यांपैकी काहीही पुन्हा निर्माण करण्याचा आग्रह कोणी धरू नये.

मात्र पर्याय निवडताना पदार्थाचे नाव नव्हे, तर त्याचा गुण पाहावा. देवमाशाचे पाते अंगाच्या उबेने किंचित मऊ होते आणि दिवसभरात शरीराचा आकार घेते. काही प्लॅस्टिकच्या पट्ट्या हे बऱ्यापैकी साधतात. पोलादी पट्टी मजबूत असूनही ते करत नाही, शिवाय ती पुढच्या शतकातली आहे. तरीही अनेक जण ‘धातू म्हणजे जुना, प्लॅस्टिक म्हणजे नवे’ अशा समजुतीने पोलाद घेतात आणि मग त्या चोळीत वाकता येत नाही अशी तक्रार करतात.

ताणाबाणा:

सुईदोरा यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. ‘योग्य कापड’ याऐवजी ‘योग्य वागणारे कापड’ असे मी म्हणायला हवे होते, आणि मंजिष्ठा यांनी तारखेविषयी जे लिहिले त्याने ते विधान अधिक नेमके झाले आहे. जुनी वीण, शिकणाऱ्याने सुती कापडावर कच्चा नमुना शिवू नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. कच्चा नमुना हवाच, दोन-तीनही हवेत. माझा आक्षेप त्या नमुन्यालाच पूर्ण पोशाख मानून त्यावरून इतिहासाबद्दल बोलण्याला आहे. ‘हा झगा फार उकडतो’, ‘यात हात वर होत नाही’ अशी विधाने पॉलिएस्टरच्या झग्यावरून करून त्या काळच्या स्त्रियांना किती त्रास होत असेल हे सांगणारे लेखन मी वारंवार वाचते. घाम शोषणारे लिनन आत आणि रेशीम बाहेर, ही जोडी अंगावर घातल्याशिवाय ते विधान करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

तुकडे जोडण्याविषयी आपण लिहिलेत, ते खरेच आहे. पण तो जोड त्या काळच्या कापडाचाच होता.

जुनी वीण:

आणि ते कापडच उरले नसेल तर? ढाक्याची बारीक मलमल ज्या ‘फुटी कार्पास’ जातीच्या कपाशीपासून होई, ती कपाशीच पुढे लागवडीतून नाहीशी झाली. अलीकडे बांगलादेशात तिचा माग काढून तसे सूत पुन्हा कातण्याचे प्रयत्न झाले आहेत. मेंढ्यांच्या जाती बदलल्या, लोकर धुताना क्लोरीन आणि राळेचा लेप आला, सूत यंत्रावर कातले जाऊ लागले. आपला नियम काटेकोरपणे पाळायचा झाल्यास आपल्यापैकी कोणीही काहीच शिवू शकणार नाही. म्हणून मी विचारते, आपण स्वतः सध्या कशावर काम करत आहात आणि त्याचा पन्हा किती आहे?

ताणाबाणा:

प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. तो दुपियनचा झगा मी उसवला. आता माझ्याकडे एकसारख्या विणीचा, गाठी नसलेला रेशमी टॅफेटा आहे. तो शोधायला चौदा महिने लागले आणि त्याचा पन्हा १४० सेंमी आहे. अरुंद पन्ह्याचे रेशीम मला मिळालेले नाही. त्यामुळे त्याच्या दोन खऱ्या किनारी मी समोरच्या उघड्या कडांना ठेवणार आहे, उरलेले कापड उभे तीन भाग करून जोडणार आहे आणि कापलेल्या कडा हातानेच वेढून घेणार आहे. मूळ झग्यात हे वेढे नव्हते, ही नोंद मी अस्तराच्या आत दोऱ्याने लिहून ठेवणार आहे.

जुनी वीण:

तो जोड मूळ पन्ह्याच्या जागीच येईल अशी मापे घ्या, म्हणजे पाठीच्या चुण्यांमध्ये तो दडेल. आणि टाके लांब ठेवा. पुढे अरुंद रेशीम मिळाले तर उसवताना कापडाला इजा होणार नाही.