मदत हवी आहे : बेअर ब्यूटच्या शिखरापर्यंत जावे का?

जूनमध्ये आईवडिलांसह अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस गावाजवळच्या बेअर ब्यूट या डोंगरावर जाण्याचा विचार आहे. लकोटा आणि शायेन या तेथील मूलनिवासी जमातींचे लोक येथे आजही उपवास व प्रार्थनेसाठी येतात, आणि त्यांचे प्राचीन प्रेषित स्वीट मेडिसिन यांना चार पवित्र बाण याच डोंगरात मिळाले अशी शायेन लोकांची श्रद्धा आहे. १९६१ पासून हे राज्य उद्यान असल्याने ४,४२६ फुटांवरील शिखराची पायवाट सर्वांना खुली आहे. मात्र वाटेतील झाडांना प्रार्थनेसाठी बांधलेली रंगीत कापडे आणि तंबाखूच्या चिमुकल्या पुरचुंड्या यांना हात लावू नये, प्रार्थना करणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत, असे तेथे सांगितले जाते.

नियम मी पाळीनच, प्रश्न औचित्याचा आहे. परवानगी असली तरी आपल्यासारख्या परक्यांनी शिखर गाठावे, की पायथ्यावरूनच दर्शन घेऊन परतावे? वाटेत कोणी प्रार्थनेत मग्न दिसल्यास थांबावे की मुकाट्याने पुढे जावे? आईला पवित्र स्थळी हळदकुंकू वाहिल्याशिवाय राहवत नाही; तिला मी नकोच म्हटले आहे, पण नुसते हात जोडलेले चालतील ना? जाऊन आलेल्यांनी, विशेषतः तेथील स्थानिकांशी बोललेल्यांनी, कृपया सांगावे.