जिना उतरायची भीती, गोव्यात कोणाला दाखवू?

फोंड्याची_वहिनी
नमस्कार मंडळी. हसू नका, पण मला जिन्याची भीती वाटते, चढताना फारसं काही नाही, उतरतानाच. वर उभी राहिले की खालच्या पायऱ्या मिळून एकच काळा पट्टा दिसतो, तळपायाला मुंग्या, छातीत धडधड, आणि पाय उचलतच नाही. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या माळ्यावर, पायऱ्या पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाईटच्या. कोणी सोबत असेल तर हात धरून उतरते, नाहीतर भाजीसाठी गॅलरीतून पिशवी दोरीने सोडते. कधी पडलेबिडले नाही. वय ४६. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे आणि हॉल वरच्या माळ्यावर. डॉक्टर सुचवा नाहीतर उपाय सांगा, फक्त "मनावर घेऊ नकोस" नको, ते घरात रोज फुकट मिळतं.

म्हापशेकार
वहिनी, चष्मा आहे का? प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल? त्याचा खालचा भाग जवळचं वाचायला असतो, उतरताना नजर तिथूनच जाते आणि पायरी धूसर दिसते. माझ्या सासऱ्यांनी जिन्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेतला. तो नसेल तर मान जरा जास्त खाली घालून वरच्या भागातून बघायचं.

बाय_मडगांव
कानही तपासून घे गो. कूस बदलताना किंवा मान वर केल्यावर घर फिरल्यासारखं होत असेल तर ते कानातलं असू शकतं, ईएनटीवाले डोकं ठराविक पद्धतीने फिरवून बरं करतात, बऱ्याचदा गोळ्याही लागत नाहीत. आधी शरीराचं बघ, मग मनाचं.

आल्तिनोचा_चढ
डोळे-कान ठीक निघाले तर बांबोळीला जीएमसीजवळ (गोवा मेडिकल कॉलेज) आयपीएचबी आहे, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालय, तिथली ओपीडी. नाव काढलं की लोक भुवया उंचावतात, उंचावू देत. फोनवरच बोलायचं असेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, सरकारी आणि फुकट. या भीतीला बाथमोफोबिया म्हणतात म्हणे, पण नावापेक्षा उपचार महत्त्वाचा: सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी, बोलून करायची थेरपी, आणि त्यात थोडं थोडं करून भीतीला सामोरं जाणं. जिना टाळला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती वाढूनच येते, कारण "उतरले आणि काही झालं नाही" हे मनाला कधी कळतच नाही. दोरी-पिशवी सोयीची आहे, पण तीच घात करतेय.

कांदोळचो_बाब
हिप्नोथेरपी बघा की! संमोहनवाला आबे फारिया आमच्या कांदोळीचा, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा उभा आहे 😄

आल्तिनोचा_चढ
@कांदोळचो_बाब पुतळा बघायला जाऊ, उपचाराला आधी सीबीटी.

चिऱ्याचं_घर
मी असाच घाबरायचो, माझं सांगतो. सुरुवात आमच्या बलकांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) चार पायऱ्यांवरून केली, चिऱ्याच्या, खरखरीत, पाय घसरत नाही (पावसाळ्यात मात्र शेवाळ धरतं, तेव्हा नादच नको). खालच्या पायरीपासून सुरू करायचं: एक चढ, एक उतर, धडधड होत असली तरी तिथंच थांब, ती आपोआप ओसरते, पळून गेलं तर नाही. कंटाळा आला की एक पायरी वाढव. मग पणजीच्या चर्चचा जिना सकाळी गर्दी नसताना. तो नागमोडी आहे आणि मधे मधे सपाट जागा येते, त्यामुळे सगळी उंची एकदम अंगावर येत नाही, थांबता येतं. बाजाराची पिशवी खांद्याला लावायची, एक हात कठड्याला मोकळा पाहिजेच. मोबाईल खिशात.

आणि वहिनी, तो काळा ग्रॅनाईट! पट्टा दिसतो म्हणालात ते काही सगळंच मनाचं नाही, चकचकीत काळ्यावर कड दिसतच नाही. सोसायटीला सांगून प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी खरखरीत टेप लावून घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

फोंड्याची_वहिनी
प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे!! पण भीती त्याच्याही आधीची, म्हणजे दोन्ही असणार. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली, आयपीएचबीलाही जाईन, नवऱ्याला सांगून (तो आधी नाक मुरडेल, मग स्वतःच गाडी काढेल). सोसायटीच्या सेक्रेटरीला टेपचं विचारलं तर म्हणे शोभा जाईल. आता यावर काय बोलू सांगा.

बाय_मडगांव
शोभा कोणाची, ग्रॅनाईटची? एजीएममध्ये, सोसायटीच्या वार्षिक सभेत, विषय काढ. बिल्डिंगीतल्या म्हाताऱ्यांना आधी गाठ, सगळ्यांत आधी तेच हात वर करतील.