विषय: आजी परत जाण्याआधी बाळाला स्वतःहून झोपायची सवय

नमस्कार मंडळी,

आमची लेक सव्वासात महिन्यांची आहे. बाळंतपणाला माझी आई आली होती, ती गेल्यावर सासूबाई आल्या. त्यांचे व्हिसावरचे सहा महिने पुढच्या महिन्यात संपतात. लेकीला झोप येते ती फक्त त्यांच्या मांडीवर. पाय पसरून बसायचं, मांड्या हलवत थोपटायचं, अंगाई म्हणायची. डोळे मिटले म्हणून क्रिबमध्ये, म्हणजे तिच्या कठड्याच्या खाटेत, ठेवायला गेलं की टक्क जागी. रात्रीतून चार-पाच वेळा हेच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्या बोलत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, वजन छान वाढतंय, आता जागी असतानाच क्रिबमध्ये ठेवून बघा. घरी हे सांगितलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढंसं पोर, त्याला एकटं रडवायचं?" मलाही दार लावून बाहेर उभं राहणं जमणार नाही. जानेवारीत ती डेकेअरला जाईल, माझी नोकरी सुरूच आहे. खोलीतून बाहेर न पडता कुणी बाळाला ही सवय लावली आहे का? आणखी एक: डोकं गोल व्हावं म्हणून सासूबाईंनी मोहरीची उशी शिवून आणली आहे. ती चालेल का?

– एक आई, नेपरव्हिल (शिकागोजवळ, अमेरिका)

---

ताई,

मी दोन्ही प्रकार केलेत. थोरल्याच्या वेळी फर्बर पद्धत, म्हणजे बाळाला जागंच क्रिबमध्ये ठेवून बाहेर यायचं आणि रडलं तर ठरलेल्या वेळाने आत जायचं: पहिल्या रात्री तीन मिनिटांनी आत जायचं, मग पाच, मग दहा; दुसऱ्या रात्री वेळ थोडी वाढवायची. चार रात्रींत जमलं, पण त्या चार रात्री मी जिन्यात बसून रडले. धाकटीच्या वेळी खुर्ची घेतली. पहिल्या तीन रात्री क्रिबला लागून, हात तिच्या छातीवर. मग हात काढला, नुसता आवाज. मग खुर्ची खोलीच्या मध्यावर, मग दाराशी. दोन आठवडे लागले, पण मला ते झेपलं.

मुळात रात्री जाग येण्यात बाळाचं काही चुकत नाही. लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटांचं असतं आणि प्रत्येक आवर्तनानंतर ते थोडं वर येतं. डोळे मिटताना आजीची मांडी होती, उघडले तर गादी. म्हणून ते हाक मारतं. डोळे मिटण्याचा तो शेवटचा क्षण गादीवर आला की रात्री सारखं जागं होणंही बरंचसं सुटतं. त्यासाठी दूध आधी पाजा, मग अंघोळ, कपडे, अंगाई. पिता पिता झोपू देऊ नका. रात्रीचं एखादं दूध लागतं का, ते डॉक्टरांना विचारा.

रडण्याने मनावर परिणाम होईल का, ही भीती मलाही होती. ॲडलेडमध्ये 43 बाळांवर झालेला अभ्यास 2016 मध्ये आला. हळूहळू सवय लावलेल्या बाळांमध्ये वर्षभरानंतर आईवडिलांशी असलेल्या ओढीत फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, पण मला त्याचा आधार वाटला.

– दोन मुलांची आई, ऑरोरा

---

चि. सौ.,

प्रसूती विभागात बावीस वर्षं नर्स होते, म्हणून उशीबद्दल स्पष्ट लिहिते. मोहरीची उशी क्रिबमध्ये नको. वर्षाच्या आत कुठलीच उशी नको, गोधडी नको, मऊ खेळणं नको. गादी सपाट आणि घट्ट, चादर ताणलेली, बाळ उताणं. क्रिबच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या तर 2022 च्या कायद्याने इथे विकायलाच बंदी आहे. इथे 1994 पासून "पाठीवर झोपवा" अशी मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्यावर आलं. दुपट्यात घट्ट गुंडाळणंही बाळ पालथं पडायची लक्षणं दिसली की बंद. तिला थंडीसाठी बाह्या नसलेली झोपायची पिशवी घाला. क्रिब अजून तुमच्याच खोलीत असेल तर उत्तम.

मी माझी मुलं झोळीत वाढवली, त्यामुळे सासूबाईंना काय वाटतंय ते मला कळतं. त्यांच्या नकळत काही करू नका. खुर्चीत त्यांनाच बसवा. अंगाई तीच, आवाज तोच, फक्त मांडी नाही. त्या गेल्यावर सुरू केलंत तर बाळाची आजी आणि मांडी एकाच दिवशी जाईल, ते जड पडेल. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर फोन करू दे.

– शॉमबर्गची काकू

---

काकू, ताई,

सतरा दिवस झाले. सासूबाई काकूंशी तासभर बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या रात्री लेक चाळीस मिनिटं रडली, त्यांचा हात तिच्या पोटावर होता. दुसऱ्या रात्री पंचवीस. पाचव्या रात्री पुन्हा पाऊण तास, कारण दात येत होता. त्या रात्री आम्ही तिला उचलून घेतलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आता खुर्ची दाराशी आहे. लेक कुशीवर वळते, स्वतःचा अंगठा शोधते, दहा मिनिटांत झोपते. रात्री एकदा उठते, पिते, परत झोपते.

उशीतली मोहरी काढून सासूबाईंनी अभ्रा धुऊन बॅगेत ठेवलाय. तो त्यांच्या आईच्या लुगड्याचा होता, हे मला आत्ता कळलं.

दुपारची झोप मात्र अजून मांडीवरच आहे. त्या गुरुवारी निघतात. तोवर ती तशीच राहू द्यायचं आम्ही ठरवलंय.

– नेपरव्हिलहून