मदत हवी आहे: बीएस-४ पिकअपचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावा का?

नमस्कार मंडळी,

आमचा डिझेल पिकअप २०१७ च्या शेवटी घेतलेला आहे, म्हणजे बीएस-४ (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष). बीडहून खत, सिमेंट, पेंड भरून केज तालुक्यातल्या गावांना पोच करायचं काम. सपाटीला गाडी चांगली पळते, पण भरल्या गाडीने मांजरसुंब्याचा घाट चढताना ओढच लागत नाही. पूर्वी तिसऱ्यात निघायची, आता दुसऱ्यात आणावी लागते. रेस दिली की इंजिन दबल्यासारखं होतं. डिझेलही जास्त खाते.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवीन टाकले. क्लच स्लिप होत नाही. मिस्त्री म्हणतो कॅटचा डबा, म्हणजे धुराच्या पाईपमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोक झालाय. नवा टाका, नाहीतर डबा कापून आतली जाळी फोडून परत वेल्डिंग मारून देतो.

जाळी फोडायची नाही, हे माझं पक्कं आहे. गाडीला ८ वर्षं झाली, आता दरवर्षी फिटनेस. आणि ही गाडी रोज शाळेच्या दारावरून जाते, लेकरांच्या तोंडावर धूर सोडत जायचं नाही. पण खताची उधारी दिवाळीशिवाय सुटत नाही, त्यामुळे खर्च एकदाच आणि बरोबर जागी करायचाय. डबाच चोक झालाय याची खात्री कशी करू? कंपनीचाच घ्यावा की बाहेरचा चालेल?

प्रतिसाद १
दादा, जाळी फोडू नका हे बरोबरच. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, म्हणून रिकामा डबाही पास होतो असं गॅरेजवाले सांगतात. पण कंपनीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही.

खात्रीसाठी: कॅटच्या आधीच्या पाईपला प्रेशर गेज लावून बॅक प्रेशर (धूर अडल्याने मागे येणारा दाब) बघायला सांगा. गेज नसेल तर इंजिन थंड असताना कॅटच्या आधीचा फ्लँज (पाईपचा बोल्टचा जोड) ढिला करून मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर चालवा. आवाज होईल, पण ओढ परत आली तर डबा चोक. फरक पडला नाही तर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाईप फुटलेत का, टर्बो इंजिनाला बरोबर हवा देतोय का ते बघा. डब्यावर हलकं ठोकून खुळखुळ आली तर आतली जाळी तुटलेली आहे.

माझ्या मते खरा प्रश्न डब्याच्या आधी, इंजिनाकडेच आहे. डबा आपोआप चोक होत नाही. नोझल (डिझेल फवारणारे) गळत असतील, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला असेल, नाहीतर टर्बोच्या सीलमधून ऑइल जात असेल, तर नवा डबाही तसाच भरेल. काळा धूर असेल तर नोझल, ईजीआर आणि हवेची गळती बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय. ऑइलची राख बसली की पाण्याने धुऊन काही निघत नाही.

प्रतिसाद २
जुना डबा गॅरेजवर फुकट सोडू नका. आत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, मोडीत पैसे येतात. बाहेरचा घेतला तर बिल आणि वॉरंटी लिहून घ्या. अगदी स्वस्त डब्यात या धातूंचा थर पातळ असतो.

धागाकर्ता
मनापासून आभार. धूर काळाच आहे, तोही चढावर जास्त. म्हणजे आधी फ्लँज ढिला करून बघतो, मग नोझल टेस्टिंगला देतो, डब्याचं त्यानंतर. बीड, अंबाजोगाई किंवा लातूरला कॉमन रेलचे (एकाच पाईपमधून जास्त दाबाने डिझेल देणारी पद्धत) नोझल मशीनवर तपासून रिपोर्ट हातात देणारं चांगलं दुकान कोणाला माहीत आहे का? फिटनेसच्या आधी हे काम उरकायचंय.